रात्री कूस कोण बदलतं?

जर्मनीत श्टुटगार्टजवळ माझी मावसबहीण राहते. तिच्या सासूबाईंना पक्षाघात झाला. त्या घरी आल्यावर काही आठवड्यांनी, रोजच्या जगण्यात दुसऱ्याचा हात लागणाऱ्यांसाठी तिथे जो काळजी-विमा असतो, त्याच्याकडून एक तपासनीस बाई आल्या. त्या भेटीचं वर्णन बहीण मला फोनवर सांगत होती आणि मी तिला मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा विचारत होते. सासूबाईंचा हात किती अंशांत वर जातो, हे त्या बाईंनी मोजलं नाही. त्यांनी विचारलं, सकाळी शर्टाची बटणं कोण लावतं? पाव कापून ठेवला तर स्वतः खातात, की भरवावा लागतो? संडासला जाऊन आल्यावर कपडे कोण सावरतं? गोळ्या कोण काढून देतं? रात्री किती वेळा उठावं लागतं, आणि कोण उठतं?

हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात आजवर एकाही सरकारी माणसानं विचारलेला नाही.

माझा दादा २००९ साली कात्रजच्या घाटात दुचाकीवरून पडला. मानेला मार बसला, सहाव्या मणक्याच्या पातळीवर. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. पण वाकलेला हात जोर लावून सरळ करता येत नाही, बोटांत पकड नाही, आणि छातीखाली काहीच नाही. दाखल्यासाठी त्याला आम्ही एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. डॉक्टरांनी मन लावून तपासलं. प्लास्टिकच्या कोनमापकानं सांधे मोजले, स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी लिहिली, तक्त्यावरून हिशेब केला आणि टक्केवारी काढली. त्यांना मी दोष देत नाही, फॉर्मच तेवढं विचारत होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि ४० टक्के किंवा त्याच्या वर असलात की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. पीएमपीच्या बसचा पास, नोकरीतलं आरक्षण, सगळं त्या टक्क्यावर. टक्केवारी माणसाच्या शरीराबद्दल सांगते. त्याचा दिवस कसा जातो आणि कोणाच्या जिवावर जातो, ते तिच्यातून कळत नाही.

आमच्याकडची रात्र कशी असते ते सांगते. दादा एअर बेडवर झोपतो, तिची मोटार रात्रभर घरघरत असते. दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलायची. कुशीवर वळवलं की पाठीला एक उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली एक. मग टॉर्च लावून माकडहाड, कंबरेची हाडं आणि टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. बोट उचलल्यावर तिथं क्षणभर पांढरं होऊन परत लाल झालं तर चिंता नाही. दाबूनही लालच राहिलं तर ती बेडसोअरची सुरुवात, मग त्या कुशीवर दुसऱ्या दिवसापर्यंत झोपवायचं नाही. लघवीची नळी कुठे दुमडली नाही ना, हे तर दर वेळी बघावंच लागतं. ती दुमडली आणि मूत्राशय तुंबलं की त्याचं बीपी झपाट्यानं चढतं, कपाळावर घाम येतो, डोकं फुटायची वेळ येते. मानेच्या मणक्याला इजा झालेल्यांच्या जिवाला यात धोका असतो. अशा वेळी गोळी शोधत बसायचं नसतं, आधी त्याला उठवून बसवायचं आणि नळी सरळ करायची. हे आईला येतं, मला येतं, आणि दादाला सांभाळायला पगारी येणाऱ्या आमच्या मावशींना येतं. सहकारनगरात लाइट गेली की एअर बेड हळूहळू बसते आणि मग आम्ही दोघी जाग्याच.

म्हणून दिव्यांगांसाठी काय केलं असं विचारल्यावर लोक रॅम्प दाखवतात, तेव्हा मला पुढचं बोलायचं असतं. रॅम्प हवेतच. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ झाले तेव्हा दादा तिथून व्हीलचेअरवर गेला आणि घरी येऊन दोन दिवस तेच सांगत होता. स्वारगेटच्या मेट्रोला लिफ्ट आहे, तीही चांगली आहे. पण त्या लिफ्टपाशी पोचण्याआधी पोट साफ करणं, अंघोळ, नळी, कपडे, आणि पलंगावरून खुर्चीत बसवणं यांत कोणाचे तरी दोन तास गेलेले असतात. ते दोन तास कोणत्याही बजेटमध्ये नाहीत. ते आईच्या पाठीत आहेत. आई शहात्तर वर्षांची आहे.

मी भोसरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे. दादाच्या अपघातानंतर पूर्णवेळ नोकरी सोडली, आता दोन-तीन ठिकाणची कामं घरी आणून करते. त्यामुळे बहिणीनं जर्मनीचं सांगितल्यावर मी आधी पैशाकडे बघितलं. कोण भरतं, किती भरतं, कशावर भरतं.

जर्मनीनं हा काळजी-विमा १९९५ साली सुरू केला. आजारपणाचा विमा वेगळा, बेरोजगारीचा वेगळा, पेन्शन वेगळी, आणि रोजच्या जगण्यात दुसऱ्याचा हात लागणाऱ्यांसाठी हा वेगळा. पगाराच्या ३.६ टक्के हप्ता असतो, मालक आणि कर्मचारी निम्मा निम्मा भरतात, मूल नसलेल्यांना थोडा जास्त पडतो. मालकांवर बोजा पडतो म्हणून तेव्हा मोठा वाद झाला होता, आणि तो मिटवायला त्यांनी एक सार्वजनिक सुट्टी रद्द केली. नोव्हेंबरातल्या एका बुधवारची, प्रायश्चित्ताच्या धार्मिक सणाची. सॅक्सनी राज्यानं ती सुट्टी सोडली नाही, म्हणून तिथे कर्मचाऱ्यांना हप्त्याचा मोठा वाटा भरावा लागतो. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. सॅक्सनी सोडून सगळ्या देशानं वर्षातला एक दिवस जास्त काम करायचं कबूल केलं, आणि तो दिवस कशासाठी होता हे सगळ्यांना माहीत होतं.

२०१७ पासून तिथे पाच श्रेणी आहेत. सहा विभागांत गुण मोजतात: हालचाल, समज आणि संवाद, वागणूक आणि मानसिक त्रास, स्वतःचं करणं, औषधोपचार सांभाळणं, आणि दिवसाची आखणी व लोकांशी संबंध. यात सगळ्यात जास्त वजन, शंभरातले चाळीस, स्वतःचं करण्याला आहे. अंघोळ, कपडे, जेवण, संडास. चालता येतं की नाही याला फक्त दहा. आपल्याकडे अपंग म्हटलं की पाय डोळ्यांसमोर येतात, तिथे तोंड धुता येतं का हे आधी बघतात.

एका रात्री मी दादाचे गुण मांडून बघितले. तो झोपला नव्हता, शेजारच्या कॉटवरून विचारत होता, ‘आता कुठे पोचलो?’ चौथ्या श्रेणीत बसला. घरच्यांनीच सांभाळायचं असेल तर २०२५ च्या दरानं त्याला महिन्याला ८०० युरो मिळाले असते. व्यावसायिक सेवा घरी बोलावली तर त्याच्या दुपटीहून जास्त खर्च विम्यानं उचलला असता. रक्कम मोठी आहे, पण तिथल्या महागाईत ती पुरी पडत नाही. सगळा खर्च भागवू असा त्या विम्याचा दावाच नाही, आणि नर्सिंग होममध्ये ठेवायचं तर खिशातून बरंच घालावं लागतं. मला रकमेपेक्षाही दुसरी एक तरतूद जास्त लागली. घरात आठवड्याला किमान दहा तास, निदान दोन दिवसांत विभागून, कोणी अशा माणसाची काळजी घेत असेल आणि त्यासाठी बाहेरची नोकरी तीस तासांच्या वर करत नसेल, तर तिच्या पेन्शनचा हप्ता हा विमा भरतो. नोकरी सोडलेल्या मुलीचा, सुनेचा, बायकोचा. माझा पीएफ २००९ मध्ये थांबला. या देशातल्या माझ्यासारख्या बायकांच्या म्हातारपणाचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

जर्मनीची रचना अजून घरावरच उभी आहे. स्वीडननं वेगळी वाट धरली, आणि दादाचा जीव तिच्यावर आहे. तिच्यामागे आडोल्फ रात्स्का नावाचा माणूस होता. बव्हेरियातला मुलगा, १९६१ मध्ये सतराव्या वर्षी पोलिओ झाला. राहायला दुसरी जागाच नाही म्हणून पाच वर्षं म्युनिकच्या हॉस्पिटलात काढली. मग सरकारी पैशावर कॅलिफोर्नियाला शिकायला गेला आणि तिथे त्या पैशातून स्वतः मदतनीस नेमले. कोणाला घ्यायचं, कधी बोलवायचं, काय काम सांगायचं, सगळं त्यानं ठरवायचं. १९७३ मध्ये तो स्वीडनला आला, १९८४ मध्ये स्टॉकहोममध्ये अशा लोकांची सहकारी संस्था काढली, आणि दहा वर्षांनी, १ जानेवारी १९९४ ला, तिथे कायदा लागू झाला. गंभीर दिव्यांगता असलेल्या माणसाला मदतनीसाच्या तासांचा हक्क. अंघोळ, कपडे, जेवण, संवाद अशा मूलभूत गरजांना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त लागत असतील तर पैसे केंद्र सरकारकडून, त्याच्या आत असतील तर नगरपालिकेकडून. मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून नाही.

दादानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘म्हणजे अंघोळ कधी करायची ते मी ठरवणार?’

आमच्या मावशी नर्सिंग ब्युरोतून येतात, सकाळी आठ ते रात्री आठ. दादाची अंघोळ नऊला, कारण त्यांना मग स्वयंपाकघराचं बघायचं असतं. डिसेंबरात सवाई गंधर्वला मुकुंदनगरला तो दर वर्षी जातो. दुपारपासून बसतो, आणि ज्यांना ऐकायला आलेला असतो ते मोठे कलाकार शेवटी गायला बसायच्या आत आम्हाला निघावं लागतं, कारण आठच्या आत घरी पोचून त्याला पलंगावर घ्यायला दोन माणसं हवीत. हॉस्पिटलची, औषधाची, खुर्चीची सोय आम्ही कशीबशी करू शकलो. संध्याकाळचे तीन तास नाही करू शकलो. रात्स्कानं जे मागितलं ते हेच होतं.

स्वीडनमध्येही सगळं सुरळीत नाही. २००९ पासून तिथल्या न्यायालयांनी मूलभूत गरजेचा अर्थ आवळत नेला. घास भरवण्याचा वेळ मोजायचा, पण भाजी चिरण्याचा नाही, असले हिशेब सुरू झाले. २०१५ नंतर मदतनीस मिळणाऱ्यांची संख्या घसरली, आणि लोक रस्त्यावर आले. मिळालेला हक्क दर काही वर्षांनी पुन्हा भांडून टिकवावा लागतो.

फ्रान्सचं एकच सांगते, कारण ते आपल्याला फार जवळचं आहे. तिथे प्रौढ दिव्यांगांना मासिक भत्ता आहे, पण कित्येक वर्षं तो ठरवताना नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न धरायचे. लग्न केलं की भत्ता कमी, कधी बंद. बायका म्हणायच्या, आम्हाला औषधाच्या पैशासाठीही नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो. वर्षानुवर्षं झगडून ऑक्टोबर २०२३ पासून ही अट गेली. आपली संजय गांधी निराधार योजना बघा. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाची वर्षाला पन्नास हजार. म्हणजे घरात कोणी महिन्याला चार हजारांच्या थोडंसं वर कमावलं की दादासारखा माणूस निराधार राहत नाही. कागदावर त्याला आधार आहे, आणि तो आधार म्हणजे मी. त्याला स्वतःच्या नावानं एक रुपया मिळत नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बहिणीकडे मोबाइलच्या रिचार्जचे पैसे मागतो.

इटलीत १९९२ च्या कायद्यानं नोकरदाराला घरच्या गंभीर दिव्यांग माणसासाठी महिन्याला तीन दिवस भरपगारी रजा मिळते. पूर्वीच्या माझ्या नोकरीत एवढी जरी असती तर मी ती सोडली नसती. युरोपियन युनियन या सगळ्यात फारसं काही करू शकत नाही, कारण आरोग्यसेवा ज्या त्या देशाच्या हातात. त्यामुळे एकाच अपघातानंतर स्टॉकहोमचा माणूस, रोमचा माणूस आणि रोमेनियातल्या खेड्यातला माणूस तीन वेगळ्या आयुष्यांत जागे होतात. युनियनचं दिव्यांग कार्ड २०२८ पासून सगळ्या सदस्य देशांत चालायचं आहे, पण ते प्रवासात, संग्रहालयात आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामात सवलत मिळण्यापुरतं.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात अस्वस्थ केलं तिच्याबद्दल. जर्मनीतली अनेक घरं भत्त्याच्या पैशात स्वतःची भर घालून पोलंडहून, बल्गेरियाहून, रोमेनियाहून बाई आणतात. ती घरातच राहते. कागदावर आठवड्याला तीस तास, प्रत्यक्षात चोवीस तास हाकेच्या अंतरावर. अशाच एका बल्गेरियन बाईंनी खटला भरला, आणि जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं सांगितलं की हाक येईल म्हणून तयार राहण्याचा वेळही कामाचा वेळ आहे, त्यालाही किमान वेतन द्यावं लागेल. ऑस्ट्रियात तर कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, रोमेनियातल्या तिमिश्वाराहून व्हिएन्नाला या बायकांसाठी खास रेल्वेगाडी सोडली. त्यांच्याशिवाय तिथल्या म्हाताऱ्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. त्याच ऑस्ट्रियानं आदल्या वर्षी या बायकांच्या गावाकडच्या मुलांचा भत्ता कमी केला होता, का तर तिकडे स्वस्ताई आहे. युरोपीय न्यायालयानं २०२२ मध्ये तो निर्णय बेकायदा ठरवला.

आमच्या मावशी नांदेड जिल्ह्यातल्या आहेत. त्यांची दोन मुलं गावी आजीपाशी वाढली. लॉकडाऊनमध्ये त्या तिकडे अडकल्या, इकडे आम्ही दोघींनी दादाला उचललं आणि आईचा मणका सरकला. ब्युरो आमच्याकडून घेतो त्यातला किती हिस्सा मावशींना देतो, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. त्यांना पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. दादाचा लाल डाग त्या हाताच्या स्पर्शावरून ओळखतात, मला टॉर्च लागतो. हे कौशल्य आहे, आणि कामगार म्हणून त्यांची कुठे नोंदही नाही. दादाच्या हक्काबद्दल लिहिताना मावशींचा हक्क बाजूला ठेवता येत नाही. दादाच्या तासांसाठी सरकारनं पैसे द्यावेत असं मी म्हणते तेव्हा ते मावशींच्या खात्यात, मावशींच्या नावावर, पीएफसकट जावेत असंच मला म्हणायचं असतं.

जर्मनीचा पैसा आपल्याकडे नाही, हे मला पाठ आहे, प्रत्येक कार्यालयात ऐकलंय. पण आपल्या लष्कराला हे कधीच कळलेलं आहे. मणक्याला मार बसलेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेतून सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतात. सहाशे रुपयांत काही होत नाही, पण त्या यादीत सांभाळणारीचं नाव आहे. आणि आपल्याच २०१६ च्या कायद्यात कलम ३८ आहे: ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्यानं अर्ज करायचा, मंडळानं त्याची गरज तपासून आधार ठरवायचा. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये अशा माणसांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा, हा नियमही आहे.

महापालिकेनं त्या पाच टक्क्यांतून एका प्रभागात एक वर्ष करून बघावं. उपकरण वाटपाचा एक कार्यक्रम कमी करा आणि त्या पैशात प्रशिक्षित मदतनीस नेमा. गंभीर दिव्यांग माणसाला आठवड्याचे ठरावीक तास द्या, आणि ते तास कधी वापरायचे ते त्याला ठरवू द्या. रात्रीचेही धरा. कोणाला किती तास, हे ठरवताना टक्केवारी बघू नका, घरी जाऊन विचारा. प्रश्नावली जर्मनीची तयारच आहे, मी तिचं मराठीत रूपांतर केलंय. ब्लाउजची बटणं, भाकरीचा तुकडा, संडासचं पाणी, असं आपल्या घरांना लागू पडेल असं. दोन फिजिओथेरपिस्टनी ते वाचून सुधारून दिलंय.

कलम ३८ खाली दादाचा अर्ज मी येत्या सोमवारी देणार आहे. पुण्यात किंवा महाराष्ट्रात कोणी असा अर्ज केला असेल, स्वीकारला गेला असेल किंवा नाकारला असेल, तर मला लिहा. कोणत्या कार्यालयात दिलात, पोच मिळाली का, तपासणीला कोणी घरी आलं का, ते सगळं हवंय. ज्यांना प्रश्नावली हवी असेल त्यांना पाठवते. छापून भरायला आठ पानं लागतात, अक्षर मोठं ठेवलंय, कारण ती भरणाऱ्या बहुतेक बायका रात्री जागलेल्या असतात.